इंग्रजांनी गरमी हटवली म्हणे!

भाचीच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. 'आत्या, मुद्दे तयार आहेत,' म्हणत तिने जे वाचून दाखवलं, ते आमच्या घरच्या ग्रुपवर पंधरा दिवस फिरतंय. इंग्रजांनी १८६८ मध्ये कायदा करून वेश्यांची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली. त्यामुळे गरमी (सिफिलिस) आणि इतर गुप्तरोग आटोक्यात आले. बायकांना फुकट उपचार मिळाले. मग काही उपद्व्यापी मंडळींनी कायदा रद्द करवला आणि रोग उसळला. सबब तसाच कायदा परत आणा. ग्रुपवर मी गप्प बसले होते. पण आता पोरगी हे व्यासपीठावर बोलणार!

'कायदा बायकांच्या भल्यासाठी होता.' इथेच माझं डोकं फिरतं. कायदा होता गोऱ्या सोल्जरांसाठी. १८६४ च्या छावणी कायद्याने पलटणींच्या बाजारातल्या बायकांची नोंदणी आधीच सुरू झाली होती. १८६८ च्या चौदाव्या कायद्याने तेच शहरांत आणलं. बाईने ठरल्या दिवशी तपासणीला जायचं, रोग दिसला तर लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगांच्या इस्पितळात, बंद व्हायचं, चुकवलं तर दंड किंवा तुरुंग. आणि पुरुष? ब्रिटिश फौजेत सोल्जरांची नियमित तपासणी १८५९ मध्येच बंद झाली होती, कारण त्यांना ती अपमानास्पद वाटे. म्हणजे रोग दोघांना, अपमान फक्त एकाला होतो.

एवढ्याने पटत नसेल तर जून १८८६ चं परिपत्रक बघा. सरसेनापती रॉबर्ट्स यांच्या वतीने क्वार्टरमास्टर जनरल चॅपमन यांनी ते काढलं: पलटणीच्या बाजारात पुरेशा बायका असाव्यात, त्या पुरेशा आकर्षक असाव्यात, त्यांना नीट घरं द्यावीत. घोड्यांच्या दाणावैरणीची मागणी करावी तसं! हे इंग्लंडात उघड झालं आणि गदारोळ माजला. १८८८ मध्ये पार्लमेंटात ठराव झाला आणि त्याच वर्षी इथला कायदा गेला. फॉरवर्डातल्या 'उपद्व्यापी मंडळीं'त इंग्रज समाजसुधारक जोसेफिन बटलर होत्या. त्यांच्यासारख्यांच्या लढ्यामुळे इंग्लंडातला असाच कायदा १८८६ मध्येच रद्द झाला होता.

'फुकट उपचार'. कसले? तेव्हा गरमीवर पारा देत. गरमीचा जंतू सापडला १९०५ मध्ये, रक्तचाचणी आली १९०६ मध्ये, खरं औषध १९१० मध्ये. तोवर डॉक्टर नुसत्या डोळ्यांनी बघून ठरवणार. तेच उपकरण एकीवरून दुसरीला. परम्याची (गनोरियाची) लागण बाईत अनेकदा दिसतच नाही, मग 'निरोगी' या शेऱ्याला काय किंमत?

'रोग आटोक्यात आला.' मुंबईत कायदा १८७० मध्ये लागू झाला आणि दोनच वर्षांत खर्चाच्या भांडणात बंद पडला. पुढे पुन्हा सुरू केला. कलकत्त्यात नोंदणी टाळायला कित्येकजणी फ्रेंचांच्या चंदननगरला निघून गेल्या. ज्यांना शोधायचं, त्याच पळाल्या.

आता एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. कायदा गेल्यावर हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत गुप्तरोग खरंच वाढले. १८९५ मध्ये हजारी ५२२ वेळा सोल्जर त्यासाठी इस्पितळात दाखल झाले. आकडा भयंकर आहे, आणि फॉरवर्डवाल्याला तो माहीत असता तर त्याने ठळक अक्षरांत छापला असता. पण आलेख कायदा चालू असतानाच चढायला लागला होता. शिवाय इंग्लंडात कायदा रद्द झाल्यावर तिथल्या फौजेतलं प्रमाण वाढलं नाही, उतरत गेलं. कायदा हेच कारण असेल तर दोन्हीकडे एकच व्हायला हवं होतं ना?

'तसाच कायदा परत आणा' यावर काय बोलायचं? एचआयव्हीच्या काळात सांगलीत आणि कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत काम झालं ते वस्तीतल्या बायकांनीच निरोध घरोघर पोचवून. बंद खोलीत टाकून नव्हे.

भाचीने सगळं ऐकलं आणि विचारलं, 'आत्या, मला कायद्याच्या बाजूने बोलायचंय. आता काय करू?' म्हटलं, बाजू बदलून मिळते का विचार. नाही मिळाली तर ५२२ वाला आकडा घे, निदान तो तरी खरा आहे.