गाठ काढली म्हणून हिपॅटायटिस बी-च्या गोळ्या बंद? थांबा जरा

नाशिकमधल्या सिडको-सातपूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. हिपॅटायटिस बी-मुळे लिव्हरचा कॅन्सर झाला आणि ऑपरेशन करून गाठ काढली, की विषय संपला, असं त्यात म्हटलंय. पुढे मेसेज म्हणतो : लिव्हर पुन्हा वाढतं, म्हणजे नवं कोरं होतं. एसजीपीटी (लिव्हरची इजा दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आला की व्हायरसच्या गोळ्या सोडा, त्या किडनी खातात. गुळवेलीचा काढा घ्या. एएफपी (लिव्हर कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी) नॉर्मल असेल तर सीटीवर पैसे घालवू नका. आणि हो, पेशंटचं ताट वेगळं ठेवा.

माझं सातपूरला मेडिकल आहे. या मेसेजचा परिणाम काउंटरवर दिसायला लागला, म्हणून हे लिहितोय.

लिव्हर वाढतं, हे खरंच आहे. पण उरलेल्या ज्या पेशींतून ते वाढतं, त्यांतच व्हायरस वर्षानुवर्षं मुरलेला असतो. त्याच्या जनुकांचे तुकडे पेशींच्या डीएनएतही घुसलेले असतात. भुरी (बुरशीचा रोग) लागलेला द्राक्षांचा घड तोडला म्हणून बागेतली भुरी जात नाही, हे नाशिककरांना मी काय सांगणार! ऑपरेशननंतर पाच वर्षांत हा कॅन्सर परतण्याचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जातं. पहिल्या दोनेक वर्षांत परततो तो बहुतेक वेळा मूळ गाठीच्याच, डोळ्यांना न दिसलेल्या पेशींमुळे. त्यानंतरची गाठ पुष्कळदा नवीनच असते, आजारी लिव्हरमध्ये उगवलेली.

गोळ्यांचा मोठा फायदा या दुसऱ्या प्रकारात होतो. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर या व्हायरसवरच्या गोळ्या चालू ठेवणाऱ्यांमध्ये कॅन्सर परतण्याचं प्रमाण कमी होतं, आयुष्यही वाढतं. हमी नाही, पण धोका घटतो. मध्यंतरी एक ताई सासऱ्यांची टेनोफोव्हिरची डबी परत करायला आल्या. सील फुटलेलं, आत पंचवीसेक गोळ्या शिल्लक. ‘रिपोर्टमध्ये व्हायरस सापडलाच नाही, मग कशाला?’ अहो, तो रक्तात सापडला नाही! पेशीच्या केंद्रात त्याचा मूळ साचा तसाच बसलेला असतो. गोळी नवीन व्हायरस तयार होऊ देत नाही, साचा मात्र तिला उखडता येत नाही. मनाने गोळी थांबवली की व्हायरस उसळू शकतो. आधीच कापलेल्या लिव्हरला तो हल्ला झेपला नाही, तर लिव्हर निकामी होण्यापर्यंत वेळ येते. एसजीपीटी नॉर्मल असणं हा काही त्यावरचा विमा नाही.

किडनीचं म्हणणं अर्धं खरं आहे. टेनोफोव्हिरच्या जुन्या प्रकाराने काहींच्या किडनीवर आणि हाडांवर परिणाम होतो. म्हणून तर डॉक्टर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघत राहतात आणि गरज पडली तर टेनोफोव्हिर अलाफेनामाइड हा नवा प्रकार किंवा एन्टेकाव्हिर देतात. गोळी बदलता येते. ते डॉक्टरांनी ठरवायचं, ग्रुप ॲडमिनने नाही. खर्चाची अडचण असेल, तर २०१८मध्ये सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर औषधं मोफत मिळतात. त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. माझं गिऱ्हाईक तुटेल, तुटू दे.

काढ्याबद्दल एवढंच : कोरोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत.

एएफपीवर विसंबणं तर फारच धोक्याचं. लिव्हर कॅन्सरच्या कितीतरी पेशंटमध्ये तो वाढतच नाही. म्हणून सुरुवातीची दोन वर्षं साधारण दर तीन-चार महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय सांगतात, पुढे अंतर वाढवतात. लहान गाठ वेळेत दिसली तर पुन्हा ऑपरेशन किंवा सुईने जाळण्याचा उपाय शक्य असतो; मोठी झाल्यावर हे पर्याय हातातून जातात.

राहिलं ताट. हिपॅटायटिस बी एकत्र जेवल्याने पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. वेगळं ठेवायचंच असेल तर रेझर आणि टूथब्रश ठेवा. नवरा-बायको, मुलं, भावंडं सगळ्यांची एचबीएसएजी (लागण आहे का ते सांगणारी) आणि सोबतची अँटीबॉडी तपासणी करून घ्या. ज्यांना लागण नाही आणि प्रतिकारशक्तीही नाही, त्यांना लस. ज्यांना लागण आधीच झालीय त्यांना लसीचा उपयोग नाही, त्यांनी लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायचं.