दिवा मालवल्यावरच्या गप्पा

'आज शाळेत काय केलंस?' विचारलं की मुलं 'काही नाही' म्हणतात, हे शाळेतून आलेल्या मुलांशी बोलण्याविषयीच्या एका लेखातलं वाक्य अगदी पटलं. माझी मुलगी 6 वर्षांची आहे. दारातच प्रश्न सुरू केले की ती गप्पच. दिवसभर एका जागी बसून, नियम पाळून ती दमलेली असते, हे मला फार उशिरा कळलं. आता मी काही विचारत नाही. रात्री दिवा मालवला की सगळं आपणहून येतं: कोण रडलं, कोणाचा दात पडला, बाकावर शेजारी कोण बसलं. या वयाला 9 ते 12 तास झोप हवी, म्हणून दिवाच अर्धा तास आधी मालवतो. सकाळची घाई मात्र अजून जमत नाही. माझा आवाज चढतो, तिचा चेहरा उतरतो आणि तो दिवसभर डोळ्यांसमोरून हलत नाही.