कब्जा कसा करावा : होतकरूंसाठी काही सूचना

पुण्यात घर मिळत नाही? मग रडत काय बसलाय, घुसा कुठेतरी. फक्त नीट घुसा.

पहिलं म्हणजे, या शहरात वेळेवर पोचा. झोपडी १ जानेवारी २०००च्या आधीची असेल तर पुनर्वसनात घर फुकट, २०११पर्यंतची असेल तर पैसे भरून. त्यानंतर आलात? विटा वाहायला या की, राहायला नको.

झोपडी कधीची याचा पुरावा म्हणून लाईटबिल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. आंबिल ओढ्याकाठच्या झोपड्या पाडायला जून २०२१मध्ये, ऐन पावसाळ्यात, जेसीबी आला होता. आधी पोरं उचलायची की पिशवी, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

जमलंच तर गुंठ्यात घुसा. जमिनीच्या बेकायदा तुकड्यावर स्लॅब टाकला की त्याला गुंठेवारी म्हणतात, आणि ती ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची असली तरी शुल्क भरून नियमित होते. पत्र्याला २०११, स्लॅबला २०२०.

भाड्यानं मात्र राहू नका. मी राहिलो. गेल्या महिन्यात अकरा महिने भरले, मालकांचा मुलगा एकाएकी परत यायला निघाला, आणि मी कोथरूडात घरं बघत हिंडलो. सात घरं. "आडनाव काय? नाही, सहज विचारलं." मग मटण-मासे. मग "आमचं काही नाही हो, सोसायटीचा नियम आहे." शेवटच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक दार दिसलं, कडीला कुठल्या तरी दिवाळीचं तोरण, वाळून काळं पडलेलं. सेक्रेटरी म्हणाले, "तो फ्लॅट अमेरिकेतल्यांचा. नऊ वर्षं बंद आहे. भाड्यानं दिला आणि कूळ लागलं म्हणजे?" बाल्कनीत कबुतरांचा संसार. त्यांना आडनाव विचारलं नाही कुणी. डिपॉझिट नाही, पोलीस पडताळणी नाही, आणि खातात काय तेही कुणी बघत नाही!

२०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांत अशी १ कोटीहून जास्त घरं रिकामी निघाली होती.

जिना उतरताना हेच सेक्रेटरी कालव्याकडच्या पत्र्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "या लोकांनी पुण्याची वाट लावली." अहो, साईड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या ठेवायच्या जागेत, पत्रा टाकून गाडी कोण लावतं? गच्चीवरची खोली कुणाची? घरं कुलपात कुजवायची, माणसांना दारातून परत पाठवायचं, आणि ती ओढ्याकाठी राहिली की नाकाला रुमाल! सकाळी सातला तुमची भांडी घासायला येते ना, ती त्याच पत्र्यांतून येते. तिनं राहायचं कुठे, ते सांगा की आधी.