सुऱ्याला धार दगडावर लागते, गॅसवर नाही

परवा मावशीने तिचा कार्बन पोलादाचा मोठा सुरा गॅसच्या ज्योतीवर धरला. का, तर फिरत आलेल्या संदेशात लिहिलं होतं: "पातं लाल करा, गार पाण्यात बुडवा, कपाच्या बुडावर घासा. धार वर्षभर जाणार नाही. एरवी मात्र घरात सुरा बोथटच बरा, बोट कापत नाही." मुठीला चटका बसला म्हणून ती थांबली. तोवर टोकाकडे दोन बोटं रुंद निळा पट्टा उमटला होता, त्याला लागून पिवळा.

हे रंग कशाचे, ते लोहारकामातला टेम्परिंगचा, म्हणजे कडक केलेलं पोलाद पुन्हा बेताने तापवण्याचा, तक्ता सांगतो. कार्बन पोलादावर फिका पिवळा येतो सुमारे २२० अंश सेल्सिअसला, निळा ३००च्या आसपास. म्हणजे जिथे निळं झालं तिथलं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलं, पोलाद मऊ पडलं. आणि संदेश तर लाल करायला सांगतोय!

"लोहारही तापवूनच बुडवतो ना?" हो, बुडवतो. पण तो पातं एकसारखं तापवतो आणि बुडवल्यावर पुन्हा बेताने तापवतो, नाहीतर ते काचेसारखं ठिसूळ राहतं. गॅसवर पातळ कड आधी तापते, पाठ मागे राहते. असं पातं बुडवलं तर वाकेल, नाहीतर तडकेल.

बोथट सुरा सुरक्षित हे तर साफ खोटं. त्याला जोर जास्त लावावा लागतो, आणि तो घसरला की त्याच जोराने हातावर येतो.

कपाचं मात्र खरं आहे, मानावं लागेल. बुडाची चकाकी नसलेली कडा खरखरीत आणि पोलादापेक्षा कठीण असते, उतरलेली धार तात्पुरती जागी होते. पण लांब पात्याला तेवढ्याशा कडेवर एकच कोन सांभाळणं अवघड. त्यासाठी १००० ग्रिटचा, म्हणजे मध्यम बारीक कणांचा, धार लावायचा दगड घ्या. पातं १५ ते २० अंशांवर धरा आणि मुठीपासून टोकापर्यंत एका ओढीत न्या. टोकाकडच्या वळणावर मूठ जराशी उचला, नाहीतर तिथे धार लागतच नाही. दुसऱ्या बाजूच्या कडेवर बोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदला.

वर्षभराची धार कुठल्याच सुऱ्याला नसते.

मावशीचा सुरा मी दगडावर लावून दिला. मुठीकडे छान कापतो. निळ्या पट्ट्यातली कड मात्र दोन दिवसांत वळली, आणि नीट पाणी दिल्याशिवाय ती आता टिकणार नाही.