टाकीला हात न लावता

ठाण्यात किंवा नवी मुंबईत पाण्याच्या टाक्या साफ करून देण्याचा धंदा काढण्याचे तुमच्या मनात असेल, तर सर्वांत आधी पाण्याच्या टाकीपासून लांब राहावे, असा माझा तुम्हाला सल्ला आहे. टाकी म्हटली की शिडी आली, पंप आला, तळाशी साचलेला गाळ आला, आत उतरणारा माणूस आला, त्याची मजुरी आली आणि पाणी नक्की किती वाजता सुरू होणार, असे दर दहा मिनिटांनी विचारणारे सोसायटीचे सेक्रेटरीही आले. हा व्याप ज्यांना टाळता येत नाही, ते बिचारे अजून वागळे इस्टेटमध्ये भाड्याचा गाळा सांभाळत बसले आहेत. तुम्ही मात्र कोड लिहून देणारे एखादे एआय टूल महिन्याच्या वर्गणीवर घ्यावे आणि टाक्या साफ करण्याऐवजी टाक्यांविषयीची पाने तयार करावीत. गूगलवर शोधणाऱ्याला टाकी साफ करणारा दिसला पाहिजे. तो असलाच पाहिजे, अशी अट कोणी घातलेली नाही.

कृती सोपी आहे. एका तक्त्यात तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात सेवा लिहाव्यात: गच्चीवरची टाकी, जमिनीखालची टाकी, झुरळे, ढेकूण, वाळवी, सोफा धुणे, चिमणी साफ करणे, अशा 40 सेवा सहज निघतात. दुसऱ्या रकान्यात 120 ठिकाणे घालावीत आणि तिसऱ्यात ‘स्वस्त’, ‘सर्वोत्तम’, ‘विश्वासू’, ‘तातडीची’ आणि ‘माझ्या जवळची’ ही 5 विशेषणे. या तिन्हींचा गुणाकार केला की 24,000 पाने होतात. साइटमॅपच्या, म्हणजे गूगलला दाखवायच्या पानांच्या यादीच्या, एका फाइलीत 50,000 पत्ते मावतात, त्यामुळे पुढेमागे मुंब्रा, दिवा आणि उलवे यांचाही उद्धार करावासा वाटला तर जागेची अडचण नाही. टेम्पलेट एकच असावे आणि लग्नाच्या छापील पत्रिकेवर पाहुण्याचे नाव तेवढे हाताने घालतात, तसे ठिकाणाचे नाव तेवढे बदलत राहावे. पूर्वी हेच काम करायला प्रतिशब्द दराने लिहिणारी मुले बसवावी लागत, आणि ती मुले तिसऱ्या दिवशी कंटाळत. टूल कंटाळत नाही. फार तर एकदा ते सौम्य शब्दांत सुचवील की ही पाने एकमेकांसारखीच होत आहेत, प्रत्येक ठिकाणची खरी माहिती दिलीत तर बरे होईल. त्याला ‘पुढे चालू दे’ एवढेच लिहावे; ते आज्ञाधारक असते.

ठिकाणांच्या बाबतीत नवी मुंबईसारखी सुपीक जमीन दुसरी नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 साली झाली, तेव्हा तिच्या नियोजनकारांच्या डोळ्यांसमोर लँडिंग पेज, म्हणजे शोधणाऱ्याला आणून उतरवायचे पान, असणे शक्य नव्हते, पण त्यांनी आखलेली रचना पाहिली की तशी शंका येते. सेक्टर 10 वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे, ऐरोलीत आहे आणि खारघरमध्येही आहे. नवा माणूस रिक्षावाल्याला नुसतेच ‘सेक्टर 10’ सांगून भलतीकडे उतरतो, हे त्याचे दुर्दैव. तुमच्या दृष्टीने तो आयता गुणाकार आहे. नोड (सिडकोच्या भाषेत उपनगर) गुणिले सेक्टर, आणि त्यावर पुन्हा पिनकोड, म्हणजे 400703 साठी एक पान, 400706 साठी दुसरे, 410210 साठी तिसरे. ढेकणाने हैराण झालेला माणूस मध्यरात्री उठून पिनकोड टाकून शोध घेतो की नाही, हा प्रश्न तुमच्या कक्षेत येत नाही.

ठाण्याची यादी करताना कष्ट घेऊ नयेत. टूलला नकाशावरची नावे उचलायला सांगावीत आणि त्याने जे उचलले ते तसेच घ्यावे. नकाशावर नाव आहे म्हणजे तिथे घरे असणार आणि घरे असतील तर झुरळे असणारच, असा त्याचा सरळ हिशेब असतो. मग ‘पारसिक बोगदा येथील विश्वासू सोफा क्लीनिंग’ असे एक देखणे पान तयार होते. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलावरच्या टू बीएचके फ्लॅटांसाठी वाळवीवर वार्षिक करार निघतो. 2022 साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेल्या ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्यात तातडीची कीटकनाशक फवारणीही उपलब्ध होते, आणि ती ‘पाळीव प्राण्यांसाठी पूर्णपणे सुरक्षित’ असते. ठाणे पूर्वेची कोपरी आणि वाशीजवळचे कोपरी गाव यांचे तर टूल परस्पर विलीनीकरण करून टाकते, त्यामुळे तुमची शाखा ठाणे स्थानकापासून पायी पाच मिनिटांवर आणि त्याच वेळी वाशीच्या सेक्टरांना लागून असते. खाडीपलीकडे एवढी जवळीक आजवर कोणत्याही रस्ते प्राधिकरणाला साधलेली नाही.

पानाला स्थानिक रंग हवा, असे जाणकार सांगतात. तोही टूलकडूनच घ्यावा. ‘स्थानिक संदर्भ दे’ एवढे लिहिले की ठाण्याच्या प्रत्येक पानाचा आरंभ ‘तलावांचे शहर म्हणून ओळखले जाणारे ठाणे’ असा होतो, मग विषय मासुंदा तलावाचा असो वा स्वयंपाकघरातल्या चिमणीचा. दुसऱ्या परिच्छेदात 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली प्रवासी रेल्वेगाडी येते आणि तिसऱ्यात झुरळे येतात. दोहोंचा परस्परांशी काय संबंध, असे विचारणारा वाचक मुळात तुमचा वाचक नव्हेच. कासारवडवलीच्या पानावर ‘फोन करा, 30 मिनिटांत तुमच्या दारात’ असे ठळक अक्षरांत लिहावे. घोडबंदर रस्त्यावर राहणारा मनुष्य ते वाचून बराच वेळ हसेल, परंतु ज्या यंत्राने हे पान वाचून त्याचा क्रम ठरवायचा आहे, ते यंत्र संध्याकाळी सात वाजता पाटलीपाड्याच्या सिग्नलला कधी उभे राहिलेले नाही.

तांत्रिक बाजूची चिंता करू नये, कारण ती पाहिली तरच चिंता वाटते. टूलने लिहिलेला कोड चालतो, आणि चालणाऱ्या कोडमध्ये नाक खुपसणे हे जुन्या पिढीचे लक्षण आहे. तक्त्यातल्या काही ओळींत ठिकाण भरायचे राहून गेलेले असेल, तर तेवढ्या पानांवर ‘अनडिफाइंडमधील सर्वोत्तम टाकी सफाई’ असे शीर्षक येईल, कारण रिकाम्या जागी कोड तोच शब्द छापतो. येऊ द्यावे, तिथे स्पर्धा कमी आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यात टूल कीवर्डांची, म्हणजे शोधशब्दांची, वाचकाला न दिसणारी लांबलचक मेटा यादीही मन लावून भरते. ही यादी क्रमवारीसाठी आपण वापरत नाही, असे गूगलने 2009 सालीच जाहीर केले होते. पण परंपरा म्हणून काही गोष्टी जपायच्या असतात.

संपर्काच्या फॉर्मविषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण या साऱ्या उद्योगातली सर्वांत सुंदर वस्तू तीच आहे. नाव, मोबाइल, सोसायटी, टाकीची क्षमता, सोयीची वेळ अशा नेटक्या चौकटी, खाली हिरवे बटण, आणि बटण दाबताच झळकणारे ‘धन्यवाद, आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील’. ही माहिती पुढे कुठे जाते, हे टूलला तुम्ही सांगितले नव्हते, म्हणून ती कुठेच जात नाही. धन्यवाद देणे हे पडद्याचे काम होते आणि त्याने ते चोख बजावले. निरोप साठवणे हे सर्व्हरचे काम होते आणि सर्व्हरवर त्याविषयी एक ओळही नाही. कामोठ्यातल्या कोणा सेक्रेटरीने तीन विंगांची आणि दोन टाक्यांची माहिती सावकाश टंकून पाठवली असेल, रविवारी पाणी बंद राहील अशी सूचना जिन्याजवळच्या फळ्यावर लिहिलीही असेल. त्या रविवारी सभासदांनी बादल्या भरून ठेवल्या असतील, तर पाणी साठवण्याची सवय लागली, एवढा तरी लोकोपयोग तुमच्या हातून घडला.

विश्वासार्हतेचे साहित्य टूल आपण होऊन पुरवते. पाचपैकी 4.8 तारे, काही शे परीक्षणे, आणि ‘आज फक्त 2 स्लॉट शिल्लक’ असे उलटे मोजणारे लाल घड्याळ, जे पान पुन्हा उघडले की पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो. स्वतःच्या संकेतस्थळावर स्वतःच लावलेले असले तारे गूगल 2019 पासून स्थानिक धंद्यांच्या शोधनिकालात दाखवत नाही. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन परीक्षणांसाठी 2022 साली आयएस 19000 हे मानक काढले आहे, आणि केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये फसव्या मांडणीचे जे 13 प्रकार नियमावलीत नोंदवले, त्यांत खोटी घाई हाही एक आहे. या गोष्टी माहीत असाव्यात; त्या पाळण्याविषयी टूलने तुम्हाला काही विचारले नसेल, तर तुम्ही कशाला विषय काढता?

आता एक धोक्याची सूचना. एखाद्या बेसावध क्षणी तुम्हाला एकच खरे पान करण्याचा मोह होईल. त्यात टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मीटरमध्ये विचारायची, तिन्हींचा गुणाकार करून 1000 ने गुणले की लिटर निघतात, हे सांगायचे. म्हणजे 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच टाकीत 24,000 लिटर पाणी मावते (आकडा नेमका तुमच्या पानांइतकाच आला, हा माझा चावटपणा नव्हे). मग एवढ्या टाकीला दर काय, पाणी किती तास बंद राहील, गाळ कुठे नेणार, आत उतरणाऱ्या माणसासाठी हवेची आणि दोराची सोय कोण करणार, हे लिहायचे. असले पान तेच टूल एका दुपारी उत्तम करून देते, हिशेबाचे यंत्रही त्यात बसवून देते. परंतु त्यासाठी दर माहीत असावा लागतो, आणि दर माहीत होण्यासाठी एकदा तरी टाकीचे झाकण उघडावे लागते. शिवाय असे पान एकच होते, 24,000 होत नाहीत, आणि ते सेक्रेटरींच्या कामाला येते. हा मोह आवरावा.

गूगलच्या नियमांची भीती बाळगू नका, पण ते वाचून ठेवा, कारण त्यांत तुमच्या धंद्याचे वर्णन फार नेमके केलेले आहे. निरनिराळ्या गावांच्या नावाने पाने उभारून सगळ्यांना एकाच जागी आणून सोडणे, याला ते डोअरवे म्हणतात आणि त्यावर 2015 पासून अधिक कडक नजर आहे. मार्च 2024 मध्ये त्यांनी घाऊक मजकुराविषयीचा नियम आणला. पाने माणसाने लिहिली की यंत्राने, हे त्यात गौण आहे. वाचकाला मदत न करता केवळ क्रमवारी हलवण्यासाठी ढीगभर पाने काढली, की झाले. त्यामुळे ‘हे सगळे मी हाताने लिहिले’ असा बचाव करण्याचे कष्टही वाचले. बहुधा प्रकरण तिथवर जाणारच नाही. गूगलने संकेतस्थळाच्या मालकांसाठी दिलेले सर्च कन्सोल उघडल्यावर हजारो पत्त्यांपुढे ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ असा शेरा दिसेल, म्हणजे गूगलने येऊन पाहिले आणि ठेवून घ्यावेसे त्याला वाटले नाही. अशा वेळी विशेषणे 5 वरून 9 करावीत. तरीही जमले नाही तर मुदत संपलेले एखादे जुने डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, विकत घ्यावे, बंद पडलेल्या शाळेचे मिळाल्यास उत्तम, आणि स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांच्या जागी वाळवीची छायाचित्रे लावावीत. त्यालाही मार्च 2024 च्या त्याच नियमावलीत स्वतंत्र कलम आहे, पण तोवर दोन-तीन महिने निघतात.

त्या दोन-तीन महिन्यांत पैसा कसा येतो, हे सांगितल्यावाचून हा सल्ला पुरा होणार नाही. काही पाने वर येतात, काही फोन वाजतात, कारण टाक्या आणि झुरळे खरी असतात. त्या फोनला लीड म्हणतात. तुमच्याकडे शिडी नाही, पंप नाही, माणूस नाही. म्हणून ती लीड विकायची, आणि एकालाच नव्हे तर तिघा-चौघांना एकाच वेळी. विकत घेणारा कोण? वागळे इस्टेटमधला तो गाळेवाला. पलीकडच्या लोकमान्य नगरातली सोसायटी कित्येक वर्षे वॉचमनच्या वहीतला नंबर बघून त्यालाच फोन करीत असे. आता वही हरवली, नवे सेक्रेटरी मोबाइलवर शोधतात आणि वर तुमचे पान दिसते. तो आपलेच गिऱ्हाईक तुमच्याकडून पैसे मोजून घेतो, आणखी तिघांनी दर पाडल्यामुळे कमी मजुरीत टाकी धुतो, आणि तुमचे कमिशन चुकते करतो. काम नेहमीप्रमाणे चांगले झाले, तर सेक्रेटरी कृतज्ञतेने पाच तारे देतात, ते तुम्हाला.

काही महिन्यांनी तोच गाळेवाला तुमच्याकडे येईल आणि ‘साहेब, माझ्या नावाचंही एक पान करून द्या’ म्हणेल. नाही म्हणू नका. तेच टेम्पलेट, तेच तलावांचे शहर, तीच 1853 ची रेल्वेगाडी, वर त्याचे नाव. पैसे मात्र दरमहा आगाऊ घ्यावेत, कारण अशा माणसाचा गाळा कधी बंद पडेल, याचा आता काही भरवसा राहिलेला नाही.