न्यूयॉर्क-लंडन विमानाचा तो मेसेज, एकेक मुद्दा घेऊन

परत तोच फॉरवर्ड फिरतोय. त्यात म्हटलंय की न्यूयॉर्कहून लंडनला जाताना परतीपेक्षा तासभर कमी लागतो कारण पृथ्वी खाली फिरत असते, शिवाय विमानं नकाशावर सरळ न जाता उगाच वळसा घालतात, आणि अंतराला ९०० ने (म्हणजे ताशी ९०० किमी वेगाने) भागलं की प्रवासाचा वेळ मिळतो. लोक हे मुलांना शिकवतायत, म्हणून लिहितोय.

पहिलं, पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणजे मेसेजवाल्याचंच लॉजिक धरलं तरी लंडन विमानापासून लांब पळायला हवं आणि वेळ जास्त लागायला हवा! मुळात हवाही पृथ्वीसोबतच फिरते, नाहीतर विषुववृत्तावर उभ्या माणसाला ताशी १,६७० किमीचा वारा लागला असता. खरं कारण जेट स्ट्रीम. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे विमानं उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारा वारा, आणि हिवाळ्यात तर त्याचा जोर अजूनच वाढतो. (हा वारा पूर्वेकडे वळतो त्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण तो असा, वाऱ्यामार्फत.) फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जमिनीच्या हिशोबाने स्पीड ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता, पण आसपासच्या हवेच्या मानाने विमान नेहमीच्याच वेगात होतं, पाठीमागून वारा ढकलत होता इतकंच.

वळशाचं म्हणाल तर घरात पृथ्वीगोल असेल तर आत्ता एक दोरा घ्या. एक टोक लंडनवर, दुसरं लॉस एंजेलिसवर, आणि ताणा. दोरा आपोआप वर सरकतो आणि ग्रीनलँडवर जाऊन बसतो. तोच सगळ्यात जवळचा रस्ता. सपाट नकाशा ध्रुवाकडचा भाग ताणून दाखवतो म्हणून ती रेघ वाकडी दिसते.

९०० च्या भागाकाराचं तर सरळच आहे. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेली, अंतर सुमारे १,४०० किमी वाढून १५,३०० च्या आसपास झालं आणि तरीही वेळ दोनेक तासांनी कमी झाला, कारण वारा पाठीशी. उलट २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी (फिनलंड)-टोकियो साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेलं, शहरं तर जागच्या जागीच होती ना? आणि तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, रनवेपर्यंत जायचा वेळही त्यातच.

तेव्हा अंतर बघायचं तर दोरा लावा, आणि वेळ बघायचा तर जायचा आणि यायचा दोन्ही वेगवेगळे बघा.