ग्लोबल कोणाचं? : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण तुम्ही प्रयोग करून बोलताय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पायथनमध्ये 'हिशोब' या मॉड्यूलमध्ये (म्हणजे वेगळ्या कोड-फाइलीत) एकूण = ० लिहिलं. मुख्य फाइलीत 'फ्रॉम हिशोब इम्पोर्ट एकूण, वाढवा' करून ही दोन्ही तिथून आणली. 'वाढवा' या फंक्शनने आत 'ग्लोबल एकूण' (म्हणजे फंक्शनबाहेरचंच एकूण वापरायचं) लिहून त्याची किंमत ५ केली, तरी मुख्य फाइलीत ० च छापलं गेलं. त्याच जागी यादी ठेवून अपेंड केलं (शेवटी एक घटक जोडला), तर बदल लगेच दिसला. म्हणजे 'ग्लोबल हे मॉड्यूलपुरतंच असतं' हा माझा नियम यादीला लागू पडत नाही.

पडतो. फ्रॉमवाली ओळ व्हेरिएबल वाटून घेत नाही. ती हिशोबमधलं 'एकूण' त्या क्षणी ज्या ऑब्जेक्टकडे (मेमरीतल्या किंमतीकडे) बोट दाखवतं, त्याला मुख्य फाइलीत एक नवं नाव देते. इथून पुढे नावं दोन, ऑब्जेक्ट एक. 'वाढवा'ने हिशोबमधलं नाव उचलून ५ ला लावलं, मुख्य फाइलीतलं नाव जागेवरच राहिलं. यादीच्या वेळी मात्र कुठलंच नाव हललं नाही, आतला माल बदलला. खात्री करायची तर अपेंडऐवजी, ग्लोबल लिहूनच, यादी = यादी + [५] करून बघा. मुख्य फाइलीत जुनीच यादी दिसेल. आणि यादी += [५] केलंत तर पुन्हा बदल दिसेल, कारण ते यादी जागच्या जागी वाढवतं. (या += पायी भलेभले गोंधळतात. ते असाइनमेंटही, म्हणजे नावाला किंमत देणंही, आहे, त्यामुळे ग्लोबल न लिहिता फंक्शनमध्ये वापरलं तर अनबाउंड-लोकल-एरर, म्हणजे किंमत मिळण्याआधीच फंक्शनमधलं नाव वापरल्याची चूक, मिळते.)

'वाढवा मी मुख्य फाइलीत आणलं, तर त्याने तिथलं एकूण बदलायला हवं' हे मात्र पटत नाही. फंक्शन जिथे लिहिलं गेलं त्या मॉड्यूलचे ग्लोबल्स ते स्वतःबरोबर घेऊन फिरतं. हाक कुठून मारली याने फरक पडत नाही, आणि ते बरंच आहे. नाहीतर कुठल्याही लायब्ररीचं फंक्शन तुमच्या फाइलीतली सारख्या नावाची व्हेरिएबल्स चिरडत सुटलं असतं. सी भाषेतल्या एक्स्टर्नचा (दुसऱ्या फाइलीतलं व्हेरिएबल वापरायच्या घोषणेचा) दाखला तुम्ही दिलात. तिथे लिंकर (फाइलींचा कोड एकत्र जोडणारा प्रोग्राम) सगळ्या फाइलींना एकाच जागेशी जोडतो. पायथनमध्ये तसा जोडणारा कुणी नाही.

उपाय सोपा: 'इम्पोर्ट हिशोब' करा आणि दर वेळी हिशोब.एकूण असंच लिहा. मग नाव दर वेळी हिशोबमध्येच शोधलं जातं. मॉड्यूल एकदाच चालतं आणि सिस.मॉड्यूल्समध्ये (लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या नोंदवहीत) साठवलं जातं, म्हणून दहा फाइलींनी इम्पोर्ट केलं तरी सगळ्यांच्या हाती तेच येतं. मला विचाराल तर मोजणीसारखी गोष्ट ग्लोबल ठेवूच नये, फंक्शनला द्यावी आणि परत घ्यावी. पण तो तुमचा प्रश्न नव्हता.

राहिलं 'सुरुवातीचा प्रिंट दोनदा येतो' हे. तुमची दुसरी एखादी फाइल मुख्य फाइललाच इम्पोर्ट करत असणार. थेट चालवलेल्या फाइलीची नोंद 'मेन' या खास नावाने होते. तीच फाइल तिच्या खऱ्या नावाने मागितली की पायथनला त्या नोंदवहीत ते नाव सापडत नाही आणि तो ती फाइल नव्याने चालवतो. मग तिच्यातल्या ग्लोबल्सच्याही दोन प्रती होतात. दोघांना लागणाऱ्या गोष्टी तिसऱ्या फाइलीत हलवा, तो इम्पोर्ट काढा, प्रिंट एकदाच येईल.